पायरीवार संवादचौकट (मोबाइल ॲपमधील)

मोबाइल ॲपच्या पडद्यावर चाललेले काम क्षणभर थांबवून, मागील मजकूर मंद करून त्यावर उघडणारी, आणि एखाद्या व्यवहाराला लागणारे सर्व प्रश्न एकदम पुढे न मांडता एकेक करून विचारणारी व अखेरीस सर्व उत्तरांची एकत्र नोंद घेणारी चौकट. ॲप रचणारे तिला ‘डायलॉग’ किंवा ‘पॉप-अप’ म्हणतात. वापरणारा खातेदार मात्र ‘मोबाइलवर मेसेज आला’ एवढेच म्हणतो आणि बहुधा तो न वाचताच ‘ठीक आहे’वर बोट ठेवतो. या सवयीला केवळ वापरणाराच जबाबदार आहे असे नाही. कारण नसताना पुनःपुन्हा चौकटी उभ्या करणाऱ्या रचनाकारांनीच ती त्याला लावली आहे.

संवादचौकट मोबाइलहून जुनी. १९८३ च्या ॲपल ‘लिसा’ संगणकावर ती होती. पायऱ्यांच्या मालिकेचा परिचय मायक्रोसॉफ्टच्या ‘पब्लिशर’ने १९९१ मध्ये करून दिला. अँड्रॉइडमध्ये साध्या सूचनाचौकटीची तरतूद, जास्तीत जास्त तीन बटनांच्या मर्यादेसह, आरंभापासून आहे. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डायलॉग फ्रॅगमेंट’ आल्यापासून फोन आडवा केला असताही चौकट टिकवून धरणे सुकर झाले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या रचनेचा लक्षणीय नमुना म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर अमलात आलेले ‘ई-पीक पाहणी’ ॲप होय. त्यापूर्वी पीकपाहणी म्हणजे तलाठ्याने शिवारात फिरून गाव नमुना १२ मध्ये पिकाखालील क्षेत्राची नोंद करणे. समोरच्या शेतकऱ्याला काय विचारायचे आणि काय न विचारताच लिहायचे याचा विवेक त्या एका माणसाच्या ठायी असे. नोंद करण्याचे काम खातेदाराकडे आल्यावर तो विवेक ॲपच्या पायऱ्यांत उतरविणे प्राप्त झाले. रोह्याचा खातेदार प्रथम विभाग कोकण, जिल्हा रायगड, तालुका रोहा व मग गाव निवडतो. नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक यांपैकी एकाने आपले खाते शोधतो. पुढे हंगाम, पिकाचा वर्ग निर्भेळ की मिश्र, पीक, क्षेत्र, जलसिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक सांगून अक्षांश-रेखांश घेतो, उभ्या पिकाचे छायाचित्र काढतो आणि स्वयंघोषणा मान्य करतो. शेत पडीक असेल तर कायम पड की चालू पड हे विचारणारी वाट वेगळी, आणि बांधावरच्या झाडांची वेगळी.

यांतील कोणती पायरी पॉप-अप व्हावी आणि कोणती साध्या पूर्ण पडद्यावर राहावी, हा या रचनेतील मुख्य प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेक ॲपे त्याचे उत्तर उलटे देतात. गावांची किंवा पिकांची लांबलचक यादी अरुंद चौकटीत कोंबून ती बोटाने सरकवायला लावणे हा त्रास आहे. चौकटीचा खरा अधिकार तीन ठिकाणी. कॅमेरा वा स्थान वापरण्याची परवानगी घेताना, जी २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रणाली स्वतःच आयत्या वेळी मागते. सहज मागे घेता न येणारी कृती करण्यापूर्वी खातरजमा करताना. आणि नोंदीत अशी विसंगती दिसली की तिचा खुलासा झाल्यावाचून पुढे जाणे गैर ठरावे, तेव्हा. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत छायाचित्र घेण्याच्या जागेपासून गटाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर दाखविण्याची आणि खातेदार त्या गटात उभा नसल्यास तसा संदेश देण्याची सोय झाली. हा संदेश तिसऱ्या प्रकारात मोडतो व तेथे पॉप-अप सर्वथा योग्य आहे. मात्र ‘आपण शेतापासून दूर आहात’ एवढे बजावून गप्प न बसता चौकटीने किती मीटर दूर ते सांगितले पाहिजे आणि ‘पुन्हा स्थान घ्या’ हा मार्गही तेथेच खुला ठेवला पाहिजे.

बांधणीचा पहिला नियम असा की चौकट एकच असावी व तिच्यातील मजकूर बदलत जावा. एका चौकटीने दुसरी उघडावी, दुसरीने तिसरी, असा ढीग रचला की ‘मागे’ जाणारा माणूस नेमका कोठे पोहोचेल हे रचणाऱ्यालाही सांगता येत नाही. एकाच चौकटीत ‘५ पैकी ३’ असा पायरीचा उल्लेख दिसावा, ‘मागे’ गेल्यास दिलेली उत्तरे जशीच्या तशी राहावीत, आणि उत्तर अपुरे असल्यास ‘पुढे’चे बटन निष्क्रिय ठेवून त्याचे कारण रकान्याखालीच छापावे; त्यासाठी आणखी एक पॉप-अप काढू नये.

दुसऱ्या नियमाचे महत्त्व रोह्याच्या पावसाळ्यात कळते. चौकटीच्या बाहेर स्पर्श झाला की ती मिटावी, असा अँड्रॉइडचा मूळ शिरस्ता आहे. भाताच्या खाचरात पावसात उभे राहून फोन धरला असता पडद्यावर पडलेला थेंब पुष्कळदा बोटाचाच स्पर्श समजला जातो, चौकट मिटते आणि चार पायऱ्यांची मेहनत फुकट जाते. म्हणून नोंदीच्या मालिकेत बाहेरील स्पर्शाने मिटण्याचा गुणधर्म बंद करणे आवश्यक ठरते. याहूनही फसवी जागा छायाचित्राची. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनवर कॅमेरा उघडताच प्रणाली मागील ॲप बंद करून टाकू शकते, आणि खातेदार फोटो घेऊन परततो तो थेट पहिल्या पानावर. यावर इलाज एकच: प्रत्येक पायरीचे उत्तर ‘पुढे’ दाबताक्षणी फोनमधील संचयात लिहून ठेवणे, आणि कॅमेरा सोपवण्यापूर्वी आपण कोणत्या पायरीवर होतो हेही लिहिणे. नेटवर्क नसलेल्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीत या संचयाचा दुहेरी उपयोग होतो.

क्षेत्राच्या रकान्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. दप्तराचा हिशेब हेक्टर-आरचा, शेतकऱ्याच्या तोंडी मात्र गुंठा. गुंठा व आर यांत अंतर शेकड्यास एकाच्या आसपासच असले तरी चाळीस गुंठ्यांचा एकर हेक्टरमध्ये मांडताना दशांशचिन्हाची चूक सहज होते. आकडा टाकताच त्याच चौकटीत गुंठ्यांतील समतुल्य व गटातील शिल्लक क्षेत्र दाखविल्यास ही चूक जन्मालाच येत नाही, आणि अंकपाटी वर आल्यावर हे दोन आकडे तिच्याखाली झाकले जाणार नाहीत इतकी उंची चौकटीला द्यावी. बटनांवरील मराठीही मोजून लिहावी. ‘होय’ आणि ‘नाही’ ही बटने प्रश्न नीट वाचल्याशिवाय निरर्थक ठरतात. ‘नोंद पाठवा’ व ‘परत तपासा’ अशी क्रियावाचक बटने न वाचणाऱ्यालाही सावध करतात.

पायऱ्यांचा क्रम शिवाराच्या व्यवहाराशी जुळणे हीही बांधणीचीच बाब आहे. रोहा तालुक्यात खरिपाच्या भातानंतर त्याच खाचरात जमिनीतील ओलाव्यावर वाल होतो, आणि डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्याखाली उन्हाळी भातही घेतला जातो. तेव्हा पिकाआधी हंगाम विचारला जातो ते उचितच, कारण त्यावरून पुढील यादी आखूड करता येते. सिंचनाच्या प्रश्नात पावसावरील शेतीला ‘अजलसिंचित’ हा पर्याय खरिपात सर्वांत वर ठेवला तर अनेकांचा वेळ वाचेल.

एकदा पाठविलेल्या नोंदीत अठ्ठेचाळीस तासांत एकदा दुरुस्ती करण्याची मुभा २०२२ च्या आवृत्तीपासून मिळाली आणि किमान दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याकडे राहिली. या मुभेमुळे अखेरच्या खातरजमेच्या चौकटीची भाषाही बदलायला हवी: मुदत कधी संपते ती तारीख व वेळ तिने स्पष्ट लिहावी, नुसती धास्ती घालू नये.

पायरीवार रचनेची मर्यादा दिसते ती एकाच हाताने पुष्कळ नोंदी करावयाच्या असतात तेव्हा. कोकणातील कित्येक खातेदार मुंबईस नोकरीला आणि नोंद मात्र शेतात उभे राहूनच करावयाची, त्यामुळे गावातील पुतण्या किंवा शेजारी अनेक खात्यांचे काम उरकतो. पुढे शिल्लक गटांसाठी शासनाने गावोगावी सहायकही नेमले. नवख्याला आधार वाटणारी प्रत्येक पायरी अशा सराईताला अडथळा होते. त्याच्यासाठी गाव, हंगाम व सिंचनाचे साधन मागील नोंदीवरून आपोआप भरलेले असावे आणि या पायऱ्या ओलांडून पुढे जाण्याची मुभा असावी. स्थान आणि छायाचित्र या दोन पायऱ्या मात्र प्रत्येक गटाला नव्यानेच घ्याव्या लागतात.