रोगण, तंतुवाद्यांचे
रोगण, तंतुवाद्यांचे : लाकडी तंतुवाद्यांना संरक्षण, रंग व चकाकी देण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर लावण्यात येणारा पातळ, पारदर्शक लेप. ‘रोगण’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला असून त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ तेल वा तूप असा आहे. वाळणाऱ्या तेलात राळ किंवा चंद्रूस कढवून केलेले तेल-रोगण व लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले स्पिरिट-रोगण, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. यूरोपातील अभिजात व्हायोलिनवर पहिला, तर महाराष्ट्रातील सतार-तंबोऱ्यावर दुसरा प्रकार रूढ झाला. नावात तेल असूनही येथील वाद्यावर लाख का आली, हे समजून घेण्यासाठी दोन्ही द्रव्यांचे गुणधर्म व येथील हवामान एकत्र पाहावे लागते.

जवसाच्या तेलाचा थर बाष्पीभवनाने वाळत नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून त्याचे रेणू परस्परांशी जोडले जातात व चिवट पटल तयार होते. तेल कढविताना मुरदाडशिंग घातल्यास ही क्रिया जलद होते. तरीही प्रत्येक हातानंतर काही दिवस थांबावे लागते आणि तोवर ओल्या थरावर धूळ बसण्याचे भय असते. इटलीतील क्रेमोना येथे सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद्यकारांनी ही संथ पद्धत जोपासली. आंतोन्यो स्ट्रॅडिव्हारी (मृत्यू १७३७) याच्या पाच वाद्यांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत लाकडात किंचित मुरलेला वाळणाऱ्या तेलाचा थर व त्यावर तेल आणि राळ यांचा दुसरा थर आढळला. काही वाद्यांत या थरात लाल रंगद्रव्येही होती. कोणतेही गूढ द्रव्य सापडले नाही. त्यामुळे क्रेमोनाच्या नादाचे रहस्य केवळ रोगणात शोधण्याच्या जुन्या समजुतीला मोठाच धक्का बसला.

तेलाच्या वापराची परंपरा रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही जुनी आहे. घाण्याच्या व्यवसायावरून व शनिवारच्या विश्रांतीवरून येथील बेने इस्राएल समाज ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाई. होड्यांच्या लाकडाला मासळीचे तेल चोळण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर होती. उंडीचे तेलही दिव्यांसाठी व होड्यांसाठी वापरीत. परंतु खोबरेल मुळीच वाळत नाही आणि तिळाचे तेल दीर्घकाळ चिकट राहते. होडीच्या फळीला असा तेलकटपणा चालतो. सतत हाताळल्या जाणाऱ्या वाद्याला चालत नाही. उत्तम वाळणारे तेल देणारे जवस हे पीक प्रामुख्याने घाटावरचे आहे. किनाऱ्यावर तेलाची वाण नव्हती, पण रोगणास योग्य असे तेल हाताशी नव्हते.

महाराष्ट्रातील तंतुवाद्यनिर्मितीचे प्रमुख केंद्र मिरज होय. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे या व्यवसायाचा पाया घातला. पंढरपूर परिसरातील भोपळे व तुनाचे लाकूड यांपासून येथे सतारी व तंबोरे घडविले जातात. त्यांच्या रोगणासाठी चपडा लाख वापरतात. पळस, कुसुम, बोर इ. झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून ती मिळते. स्पिरिट उडून जाताच लाखेचा थर वाळतो. त्यामुळे तेल-रोगणाच्या एका हाताला लागणाऱ्या काळात लाखेचे अनेक पातळ हात देता येतात. शिवाय जुना थर स्पिरिटने पुन्हा मऊ होऊन नव्याशी एकजीव होतो व दुरुस्तीची जागा उठून दिसत नाही. तंबोऱ्याचा भोपळा तडकणे किंवा तबली उचकटणे हे नेहमीचेच असल्याने हा गुण कारागिराच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. पुरेसे मुरलेले तेल-रोगण अशा रीतीने विरघळत नाही.

लेप देण्यापूर्वी लाकूड काचकागदाने घासून गुळगुळीत करतात व त्याची छिद्रे भरून घेतात. नंतर कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ लाख एकसारखी फिरवितात. तबलीवरील थर शक्य तितका पातळ ठेवणे इष्ट असते. जाड थरामुळे तिचे वजन वाढते व कंपने मंदावतात. कुंद हवेत हे काम टाळावे लागते. कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प साचते आणि थर दुधी पडतो.

लाखेची खरी मर्यादा किनाऱ्यावर दिसून येते. अलिबागच्या परिसरात वर्षाकाठी सु. २,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. मिरजेचा पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी आहे. कोरड्या हवेत घडविलेला तंबोरा किंवा भजनातील वीणा किनाऱ्यावरील घरात वा देवळात आली, की पावसाळ्यात तिचे लाकूड फुगते, सांधे सैल होतात व भोपळ्याला बुरशी लागते. लाख पाण्याने पांढुरकी पडते व उष्णतेने मऊ होते. तेल-रोगण पाण्याला अधिक टिकाव धरते. तथापि कोणतेही रोगण बाष्प पूर्णपणे अडवीत नाही, ते केवळ त्याचा वेग कमी करते. वाद्याची आतली बाजू बहुधा उघडीच असल्याने ओल आतूनही शिरते. म्हणून किनाऱ्यावर रोगणाच्या निवडीइतकेच महत्त्व वाद्य भिंतीपासून दूर, गवसणीत आणि हवेशीर जागी ठेवण्याला आहे.

विसाव्या शतकात नायट्रोसेल्युलोजाची व पॉलियुरेथेनाची रोगणे आली. त्यांपैकी पॉलियुरेथेनाचा थर पाण्याला दाद देत नाही, परंतु तो दुरुस्तीच्या वेळी खरवडूनच काढावा लागतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र जुन्या वाद्यांवरील मूळ लेपांच्या रक्षणाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. नवी चकाकी आणण्यासाठी जुना थर खरवडला, की त्यातील लाख, रंग व हातांची संख्या यांचा पुरावा कायमचा नष्ट होतो. लिखित नोंदी विरळ असलेल्या या कारागिरीच्या इतिहासाचे तेच एक विश्वसनीय साधन आहे. यास्तव जुने वाद्य दुरुस्त करताना मूळ लेप शक्य तेथे राखून त्यावरच लाखेचा पातळ हात देणे श्रेयस्कर ठरते.