टेम्पोत काहीही बसतं

मागच्या डिसेंबरात आम्ही दोन ऑफरोड बाइक आणि एक तंबू घेऊन चाकणहून जुन्नरकडे निघालो. अमेरिकेत अशा वेळी पिकअपच्या मागे उघडझाप करणारं छोटं घर जोडतात. आम्ही टेम्पो सांगितला. दोरी आवळत ड्रायव्हरकाका म्हणाले, “टेम्पोत काहीही बसतं.”

घाटात मी फोनवर त्या शब्दाचं मूळ शोधत बसलो. टेम्पो ही मुळात हॅम्बुर्गची कंपनी. तिने १९३६ मध्ये चक्क दोन इंजिनांची ऑफरोड गाडी काढली होती: पुढच्या चाकांना एक, मागच्यांना दुसरं! १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी तिच्याशी हात मिळवून बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सिट, मग १९६९ मध्ये मॅटेडोर. माझ्या आईबाबांच्या लग्नाचं वऱ्हाड मॅटेडोरमधूनच गेलं होतं, भांड्यांसकट.

पुढे जर्मन कंपनी दुसऱ्यांच्या पोटात गेली. आकुर्डीच्या कंपनीनेही २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतलं. आज ऑफरोडवाल्यांची लाडकी गुरखा तिचीच, पण तिच्यावर टेम्पो कुठेच लिहिलेलं नाही.

ते नाव राहिलं ड्रायव्हरांच्या तोंडी. आमची गाडी दुसऱ्याच कंपनीची होती, तरी काकांसाठी टेम्पोच. आषाढीला तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते, तेव्हा ते याच गाडीतून एका दिंडीच्या राहुट्या आणि शेगड्या पंढरपूरपर्यंत नेतात. “तुमच्या बाइकपेक्षा ते ओझं जास्त,” काका म्हणाले, “पण भाडं घेत नाही.”