उष्टावणाचा घास आणि बाळाची मूठ

मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या, हा मराठी घरांतला जुना शिरस्ता. गिरणाकाठच्या भडगावातही मामा भाच्याला मांडीवर घेतो आणि वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतो. बाळ वाटीवर झेपावतं, तेव्हा घरातलं कुणीतरी चटकन त्याचे हात धरतं.

हा संस्कार फार जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात तो सहाव्या महिन्यात सांगितला असून दही, मध आणि तूप कालवलेलं अन्न बाळाला भरवावं, असं म्हटलं आहे. पुढे त्याला जीविकापरीक्षेची जोड मिळाली. त्याच दिवशी बाळाला जमिनीवर बसवायचं, पुढ्यात पोथी, शस्त्र, अवजारं मांडायची आणि ते पहिल्यांदा कशाला हात घालतं ते पाहायचं. त्यावरून त्याचा पुढचा व्यवसाय ठरतो, अशी समजूत. आयुष्यभराच्या पोटापाण्याचा कौल ज्या हाताकडे मागितला, त्या हाताला पहिला घास उचलायची मुभा मात्र नव्हती.

वैद्यकाचा क्रम थोडा वेगळा होता. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळं द्यायला सांगितली आहेत. धान्य त्यानंतर, दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात. दात नसलेल्या बाळाला हिरड्यांनी चेपता येईल असं मऊ पिकलेलं फळ खान्देशात शोधावं लागत नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं घरोघरी असतं.

ते कसं द्यावं, यातही कसब आहे. सहा महिन्यांच्या बाळाला चिमूट जमत नाही. ते सगळी मूठ आवळून वस्तू धरतं. मुठीच्या वर जेवढं डोकावेल तेवढंच तोंडात जातं. म्हणून तुकडा बोटभर लांब हवा. सोललेलं केळं बुळबुळीत होऊन निसटतं. ते धुऊन अर्धं कापायचं, वरची साल काढायची आणि खाली धरण्यापुरती ठेवायची. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनी जुळू लागली, की वाफवलेल्या बटाट्याचे, लाल भोपळ्याचे छोटे मऊ तुकडेही बाळ एकेक करून टिपतं.

बाळाच्या हाताला मोकळीक देणारी एक रीतही आपल्याकडे आहे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात आणि जमलेली पोरं ते वेचून खातात. मोठ्या मुलांची त्यात चंगळ होते. तान्ह्याच्या हाती मात्र बोराची आठोळी किंवा उसाचा करवा लागू देता कामा नये.

बाळापुढे अन्न मांडून त्याला निवडू देण्याचा गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९२६ पासून नुकत्याच अंगावरून तुटलेल्या बाळांपुढे साधे, ताजे पदार्थ ठेवले. यादी ३४ पदार्थांची होती. बाळानं बोट दाखवल्याशिवाय किंवा हात पुढे केल्याशिवाय परिचारिकांनी काहीही भरवायचं नाही, असा नियम होता. १५ मुलं या प्रयोगातून गेली आणि आपापल्या निवडीवर चांगली पोसली. यश त्या यादीतच आहे, हे डेव्हिस यांनी स्वतः सांगितलं होतं: साखर आणि मैदा तिच्यात नव्हताच. पुढे ब्रिटनमध्ये गिल रॅपली यांनी बाळाच्या कलानं खाऊ घालण्याचा पुरस्कार केला; त्यांचं पुस्तक २००८ साली आलं. न्यूझीलंडमधल्या २०६ कुटुंबांच्या अभ्यासात, आई-बापांना नीट समजावून दिल्यावर, हातानं खाणाऱ्या बाळांना घास अडकण्याचा धोका चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला नाही.

भडगावच्या स्वयंपाकघरात यातलं बरंच काही हाताशीच आहे. ज्वारी आणि सालीच्या उडदाची कळण्याची भाकरी हे इथलं रोजचं अन्न. पापुद्रा काढून आतला मऊ भाग बिनतिखटाच्या वरणात भिजवला, की बाळाच्या मुठीत मावेल असा घास तयार होतो. सोबत शिजवून मऊ केलेला गाजराचा लांब तुकडा ठेवावा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. दोन वर्षं आणि त्यापुढेही ते द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काही जुन्या गोष्टी आता सोडाव्या लागतील. मधातून होणारा बोट्युलिझम तान्ह्यांच्या जिवावर बेतू शकतो; बाळांमधला हा आजार १९७६ साली ओळखला गेला, म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. खान्देशात डब्यात कायम असलेले शेंगदाणे आणि फुटाणे अख्खे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. बाळ आधारानं ताठ बसू लागलेलं असावं आणि ते खात असताना मोठं माणूस शेजारी हवंच. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाड्यांमध्ये आता अन्नप्राशन दिवस साजरा होतो. जमलेल्या आयांना केळ्याची साल किती ठेवायची आणि तुकडा केवढा कापायचा, हे प्रत्यक्ष करून दाखवायला तो दिवस उत्तम आहे.