डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

पंकचा आक्रमक जोश आणि डिस्कोचा ठेका यांच्या मिलाफातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य संगीतात 'न्यू वेव्ह'चा एक लोकप्रिय प्रवाह निर्माण झाला. न्यूयॉर्कच्या 'ब्लॉन्डी' या बँडचा 'पॅरलल लाइन्स' (१९७८) हा अल्बम त्याचे ठळक उदाहरण होय. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईतही असाच धाडसी प्रयोग झाला. येथे मात्र डिस्कोच्या जोडीला पंक नव्हे, तर हिंदुस्थानी राग होते.

हा प्रयोग करणारे चरणजित सिंग (१९४०-२०१५) हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक होते. गिटार आणि विजेवर चालणारी नवनवी वाद्ये ते ध्वनिमुद्रणात वाजवीत. 'कुर्बानी' (१९८०) चित्रपटानंतर डिस्कोची लाट उसळली होती. त्याच ठेक्यावर, परंतु तबल्याला रजा देऊन राग वाजवावेत, अशी कल्पना सिंग यांना सुचली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये एचएमव्हीने प्रकाशित केली. भैरव, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग तीत आहेत.

रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यासाठी वापरण्यात आली. 'टीआर-८०८'ने ताल धरला, 'टीबी-३०३'ने खर्जातील सुरावट सांभाळली, तर 'ज्युपिटर-८'वर राग वाजला. 'टीबी-३०३'मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेशी नाते सांगणारा हा गुण रागसंगीताला मानवला.

श्रोत्यांनी मात्र ध्वनिमुद्रिकेकडे पाठ फिरवली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने याच 'टीबी-३०३'वर 'अॅसिड ट्रॅक्स' ही रचना केली आणि 'अॅसिड हाऊस' ही शैली जगभर पसरली. डच संग्राहक एडो बाऊमन यांना २००२ मध्ये दिल्लीत सिंग यांची जुनी तबकडी सापडली. तिचे २०१० मध्ये पुनर्प्रकाशन होताच पाश्चात्त्य समीक्षक या साधर्म्याने थक्क झाले.

सिंग यांनाच 'अॅसिड हाऊस'चे जनक ठरविण्याचा मोहही अनेकांना झाला. तथापि शिकागोच्या कलावंतांनी ही तबकडी ऐकली होती, याला पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांत स्वतंत्रपणे निघालेले हे सूर होत. म्हणून मुंबईच्या प्रयोगाचे मोल कमी होत नाही. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावे झळकत. वादक बहुधा अनामिक राहत. त्यांच्यापैकी एकाने स्वतःच्या नावावर केलेल्या कामाची दखल घेण्यास २८ वर्षे जावी लागली, आणि तीही परदेशातून घेतली गेली, ही खंत मात्र उरतेच.