मुळीपासून गोळीपर्यंत

आज बीपीची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. पंचाहत्तर वर्षांपूर्वी मात्र डॉक्टरांपुढे निवडायला फारसे काही नव्हतेच. मीठ तोडायला लावायचे, विश्रांती सांगायची, गुंगीचे औषध द्यायचे. हे चित्र पालटण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवरचा लेख प्रसिद्ध केला. ही वाकडीतिकडी, कडूजहर मुळी वेडावर आणि सर्पदंशावर शतकानुशतके दिली जात होती. ती रक्तदाब उतरवते, हेही कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. वकिलांनी ५० रुग्णांना ती देऊन त्यांचा दाब मोजत नेला आणि बहुतेकांचा उतरलेला पाहिला. माझ्या मते त्यांनी औषध शोधले नाही, औषध निवडण्याची रीत बदलली: कीर्तीवर न विसंबता मोजून ठरवायचे. यावर कोणी म्हणेल, श्रेय परंपरेचे आहे. मुळी परंपरेनेच राखली, यात वाद नाही. पण दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे पाऱ्याचे यंत्रच १८९६ सालचे. त्याआधी हा आजार आकड्यात सहजासहजी पकडता येत नव्हता.

मोजमापाने सर्पगंधेला वर चढवले, तरी पुढे ती उतरलीच. तिच्यातले रेसरपिन १९५२ मध्ये वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत १९६७ साली रेसरपिनसह तीन औषधे घेणाऱ्यांत गंभीर घटना २ घडल्या, नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत २७. दाब उतरवल्याने माणूस वाचतो, हे असे सिद्ध झाले. तरीही नाक चोंदणे आणि मन उदास होणे या तक्रारींमुळे रेसरपिन मागे पडले, कारण तोवर दुसरी औषधे आली होती. मग २००२ साली ३३,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत क्लोरथॅलिडोन, अमलोडिपिन आणि लिसिनोप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांत हृदयविकाराच्या झटक्यापुरता फरक दिसला नाही. म्हणजे पहिली गोळी कोणती, यापेक्षा दाब खरोखर आटोक्यात आला का, हा प्रश्न मोठा ठरला.

म्हणूनच २०१७ नंतर सातारा, भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांनी मोजक्या गोळ्या पायरीपायरीने वाढवण्याची ठरलेली चढण स्वीकारली, ते मला योग्य वाटते. प्रत्येक रोगी वेगळा, साचा कशाला, हा आक्षेप मी हलका मानत नाही. गरोदर बाईला टेल्मिसार्टन चालत नाही, दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल देत नाहीत, आणि मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टनच आधी आठवावे लागते. अशा वेळी डॉक्टरची पारख लागतेच, आणि ठरलेली चढण ती हिरावून घेत नाही. बाकीच्यांसाठी मात्र गोळ्यांची नावे थोडी असली की त्यांचा साठा करणे सोपे जाते, आणि मजुरी बुडवून दवाखान्यात आलेल्या बाईला एकाच खेपेत महिनाभराच्या गोळ्या हातात देता येतात.