पुरुषांमधील वंध्यत्व आणि योग: उपयोग किती, मर्यादा कुठे?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणासोबत. पण पुरुष दवाखान्याआधी मोबाइलकडे वळतात, आणि तिथे २१ दिवसांत शुक्राणू दुप्पट करून देणारी आसनं हजर असतात.

२१ दिवसांचा हा हिशेब शरीराला मान्य नाही. वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७०-७५ दिवस लागतात आणि पक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. त्यामुळे आज सुरू केलेला योग असो की सोडलेली सिगारेट, रिपोर्टमध्ये फरक दिसायला तीन महिने तरी द्यावे लागतात.

योगाने नेमकं काय होतं?

शुक्राणूचं डोकं म्हणजे जवळपास डीएनएचा घट्ट बांधलेला गठ्ठा. इतर पेशींकडे असते तशी दुरुस्तीची सोय त्याच्याकडे फारशी नसते. तंबाखू, दारू, लठ्ठपणा, प्रदूषण यांमुळे शरीरात पेशींना इजा करणारे ऑक्सिजनयुक्त घटक वाढतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यात हा डीएनए तुटू लागतो. अडचण अशी, की शुक्राणूंची संख्या नॉर्मल असूनही हे घडू शकतं. मग गर्भ राहत नाही, किंवा राहिला तरी टिकत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रीमा दादा आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. ज्यांच्या पत्नीचे वारंवार गर्भपात झाले होते, अशा पुरुषांना आसनं, प्राणायाम आणि ध्यान नियमित करायला लावलं. त्यानंतर त्यांच्यातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि डीएनएचं नुकसान कमी झालेलं दिसलं. पण असे अभ्यास छोटे आहेत. शुक्राणूंची प्रत सुधारणं आणि घरात मूल येणं यांत बरंच अंतर असतं, आणि योगामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढतं हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

जिथे योग पुरत नाही

शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद असेल, तर कितीही सूर्यनमस्कार घातले तरी ती उघडणार नाही. वृषणाच्या शिरा फुगणं म्हणजे व्हेरिकोसील, हार्मोन्सचा बिघाड, जनुकीय दोष, वीर्यात शुक्राणूच नसणं, या सगळ्यांना डॉक्टर लागतो. जिममध्ये बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचे शुक्राणू तर शून्यावरही जाऊ शकतात. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. आणि हो, तापवलेल्या खोलीतला 'हॉट योगा' या काळात नकोच. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर निसर्गाने ते शरीराबाहेर ठेवलेत.

आधी तपासणी

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर दोघांनीही तपासून घ्यावं. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. वीर्य तपासणीला सुई टोचावी लागत नाही, खर्चही तुलनेने कमी. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, इतकंच पथ्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा मानतात. आकडा त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि एका रिपोर्टवर निदानही करत नाहीत.

औषधं किंवा शस्त्रक्रिया ठरली, तरी योग सोबत चालू ठेवता येतो. सूर्यनमस्कार, भुजंगासन, अनुलोम-विलोम, भ्रामरी, शेवटी शवासन असा रोजचा पाऊण तास पुरे. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर शीर्षासन आणि कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, म्हणजे दोन्ही रिपोर्टची तुलना नीट करता येते.