पॉइंट प्लेझंट पार्क

पॉइंट प्लेझंट पार्क हे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स येथील सुमारे ७५ हेक्टर क्षेत्राचे वनोद्यान आहे. शहराच्या दक्षिण टोकावरील या उद्यानाच्या पूर्वेस बंदर, तर पश्चिमेस नॉर्थवेस्ट आर्म ही खाडी आहे.

इतिहास

बंदराच्या रक्षणासाठी ब्रिटिशांनी १८व्या शतकात येथे किनाऱ्यालगत तोफांचे मोर्चे उभारले. या मोर्चांवर जमिनीच्या बाजूने होऊ शकणारा हल्ला रोखण्यासाठी १७९६-९७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स टॉवर हा गोल दगडी बुरूज बांधण्यात आला. मार्टेलो प्रकारचा हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुना बुरूज होय. १८६६ मध्ये ब्रिटिश सरकारने ही जमीन वार्षिक एक शिलिंग भाड्याने ९९९ वर्षांच्या करारावर उद्यानासाठी दिली.

वन व पायवाटा

उद्यानातील पायवाटांवरून हा बुरूज, तसेच फोर्ट ओगिल्वी व केंब्रिज बॅटरी यांचे अवशेष पाहता येतात. २९ सप्टेंबर २००३ रोजी हुआन चक्रीवादळामुळे येथील सुमारे तीन चतुर्थांश झाडे एका रात्रीत नष्ट झाली. उद्यान जून २००४ मध्ये पुन्हा खुले झाले. त्यामुळे दोन शतकांपूर्वीच्या तटबंदीभोवती आज दिसणारे वन बहुतांशी या वादळानंतर वाढलेले आहे.